मदत हवी आहे : २६ घरांचं सांडपाणी एकत्र कसं शुद्ध करावं?

नमस्कार मंडळी. आमची वस्ती रावेर तालुक्यात, गावाबाहेर केळीच्या मळ्यांना लागून आहे. घरं २६, माणसं साधारण १३०. प्रत्येकाने आपापली सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केला, पण जमीन काळी, चिकणमातीची. पावसाळ्यात ती फुगते, पाणी मुरतच नाही आणि घाण रस्त्यावर येते. पलीकडेच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, लहान मुलं त्याच रस्त्याने शाळेत जातात. जीव तुटतो हो बघून.

माणशी ५५ लिटर धरलं तर रोज सात हजार लिटर पाणी वापरलं जातं, त्यातलं साडेपाच-सहा हजार सांडपाणी होतं. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, जंतू मात्र पाण्यासोबत बाहेर येतात. म्हणून सगळ्यांची एक मोठी टाकी, तिच्यात आडव्या भिंतींचे कप्पे आणि पुढे खडीच्या वाफ्यात कर्दळ, असा विचार आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र (झाडांच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करायचं) याच धर्तीचं आहे. उतार मिळाला तर वीजही लागणार नाही. भारनियमनात हे फार मोठं.

कोणी असं केलंय का? वाफ्याला जागा किती लागली? खडी किती वर्षांत तुंबली? बाहेर पडणारं पाणी केळीला ठिबकने देता येतं का? पंधराव्या वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या बंधित (त्याच कामाला वापरायच्या) निधीतून ग्रामपंचायतीने पैसे दिल्याचा कोणाला अनुभव आहे का?

आणि खरी अडचण पुढचीच : गाळ उपसायचा खर्च दरवर्षी कोण देणार? तुमच्याकडे वर्गणी कशी ठरली, तेवढं नक्की सांगा.