मदत हवी आहे : मूळ संख्येचा एक अंक उलटवल्यावर…

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये रविवारी नववी-दहावीची काही मुलं माझ्याकडे गणितासाठी बसतात. मूळ संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहायची आणि एकच अंक उलटवायचा, ०चा १ किंवा १चा ०, असा खेळ चालू होता. १२७ म्हणजे १११११११. कुठलाही अंक उलटवा, १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५, ६३. एकही मूळ नाही! अशी ही सर्वांत लहान संख्या. पुढची १७३, मग १९१. मुलं अक्षरशः नाचली.

मग एकीने विचारलं, "सर, डावीकडे शून्यं धरली तर?" म्हणजे त्या शून्यांपैकी एकाचाही १ करता येईल, आणि तेवढा २चा घात संख्येत मिळवला जाईल. तिथे १२७ फसते, कारण १२७ + २५६ = ३८३, मूळ.

हंगेरियन गणिती पॉल एर्डोश यांची १९५०ची युक्ती मला कळते. २च्या प्रत्येक घाताची ३, ५, ७, १३, १७, २४१ यांपैकी एकाने भागल्यावरची बाकी आधीच ठरवता येते, त्यामुळे ०चा १ करताना होणारी बेरीज कायम यांपैकी एकाने विभाज्य ठेवता येते, म्हणजे ती मूळ होत नाही. पण १चा ० करताना वजाबाकी होते. तेच सहा भाजक दोन्हीकडे चालतील, की वजाबाकीसाठी वेगळा संच लागतो? आणि तो निवडायचा कसा?

गणिती टेरेन्स टाओ यांचा अशाच मूळ संख्यांवरचा २०११चा निबंध वाचलेलं कुणी पुण्यात असेल तर प्रत्यक्ष भेटायला येईन. रविवारच्या आत कळलं तर फार बरं, मुलं वाट बघतायत.