पिकअपमध्ये टिलर आणि एटीव्ही चढवायला रॅम्प: लोखंडी करून घ्यायचा की ॲल्युमिनियमचा तयार?

भातवाला, खानापूर
नमस्कार मंडळी. आमच्याकडं 13 एचपीचा पॉवर टिलर आहे, रोटरीसकट चारशे किलोच्या पुढं जातो, आणि चिखलणीच्या दिवसात आजूबाजूच्या गावात भाड्यानं फिरतो. शिवाय चुलतभावानं काजूच्या बागेत फिरायला जुनी एटीव्ही, म्हणजे जाड टायरची चारचाकी मोटरसायकल, घेतलीय, ती तीनशेच्या आसपास. दोन्ही आमच्याच पिकअपमधनं न्यायची, एकदम नाही, आलटून पालटून. आत्तापर्यंत सागाच्या दोन फळ्या लावून चालवलं, खरं परवा एक फळी गाठीजवळ तडकली तेव्हा टिलर अर्ध्यात होता, चौघांनी हँडल धरून ठेवलं म्हणून कुणाच्या पायावर आला नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला. आता रॅम्प घ्यायचाच.
फाळका सोडून हौद्याची उंची मोजली तर 33 इंच भरली. ऑनलाइन ॲल्युमिनियमची घडीची जोडी 24 हजाराला दिसलीय, सहा फुटी. बेळगावच्या उद्यमबागेत एकजण किलोला 110 रुपये मजुरीसकट लोखंडी करून देतो म्हणालाय, आठ फुटी. माझं मन लोखंडीकडं आहे, तरी वापरलेल्यांनी सांगा.

जांबोटीकर
दादा लोखंडाच्या नादाला लागू नका. माझ्याकडं एटीव्हीच आहे, तीन पावसाळे ॲल्युमिनियमची जोडी वापरूलालोय, जोडीतली एक पट्टी, म्हणजे पान, एका हातानं उचलून हौद्यात टाकतो, घडी घालून सीटमागं सुद्धा बसतं. आमच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कणकुंबीकडनं ढग उतरला की आठ आठ दिवस काही वाळत नाही, लोखंडाला रंग मारून मारून थकाल. आणि माणूस कुठं मिळतोय आता? एकटा असलो तरी मला गाडी चढवता येते, हे पैशात मोजता येत नाही. लोखंड वजनाला तिप्पट, एवढंच लक्षात ठेवा.

वेल्डिंगवाला, उद्यमबाग
जांबोटीकर, तुमची एटीव्ही आणि त्यांचा टिलर यात मोठा फरक आहे, तो समजून घ्या. तयार जोडीवर बहुतेक 680 किलो लिहिलेलं असतं, ते जोडीचं, म्हणजे एका पानाला 340. एटीव्हीला चार चाकं, पुढची चाकं हौद्याजवळ पोचतात तेव्हा मागची अजून खाली असतात, म्हणून पानाच्या मधोमध सगळं वजन एकदम कधी येत नाही. टिलरला दोनच चाकं. पानाच्या मध्यावर चाक आलं की चारशे किलो त्या एकाच रेघेवर उभं, प्रत्येक पानाला दोनशे, वर इंजिनचे हादरे. सहा फुटी पातळ पान तिथं लवतं, आणि लवलेलं पान हौद्याच्या कडेवरनं सरकतं.
दुसरं, ॲल्युमिनियमला चीर गेली तर गावातल्या वेल्डिंगवर जुळत नाही, आर्गॉनची मशीन लागते, आणि जुळवलं तरी वेल्डच्या आजूबाजूचं धातू नरम पडतं. लोखंडी चॅनल तुटला तर खानापुरात कुठंही अर्ध्या तासात काम होतं.
मी करतो ते सांगतो. 75 एमएमचा सी चॅनल, म्हणजे सी आकाराची लोखंडी पट्टी, मीटरला सात किलोच्या थोडं वर. आठ फुटाच्या पानाला दोन चॅनल म्हणजे 35 किलो, मध्ये 12 एमएमची सळी दर चार इंचावर, वरचा हुक धरून 44 किलो. जोडी 88. चेकर प्लेट, म्हणजे नक्षीचा पत्रा, मारा म्हणून गिऱ्हाईक मागतं, मी देत नाही. वजन वाढतं आणि नक्षीत चिखल बसून साबण होतो. सळ्यांमधनं चिखल खाली पडतो.

जांबोटीकर
तुमच्या धंद्याचं तुमी बोललात, वाईट नाही, दोन चाकांचा मुद्दा पटला मला. खरं 44 किलोचं पान दिवसातनं चार वेळा उचलायचं कुणी? चिखलणीच्या दिवसात माणूस आधीच मोडलेला असतो. कंबर गेली तर 14 हजार वाचवून काय करायचं? सात-आठ फुटी जास्त वजनाची ॲल्युमिनियमची पानं पण मिळतात, महाग आहेत, खरं मिळतात. स्वस्त बघायचं म्हणून नेहमी लोखंडच असं का?

येळ्ळूरची ताई
दोघांचंही ऐकलं. माझ्या मते दोन्हीतलं काही नको. आम्ही वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, आणि टिलर दोन्ही फिरवतो, मी स्वतः चालवते, आणि आजपर्यंत रॅम्पला एक रुपया घातलेला नाही. शेतात जाणाऱ्या प्रत्येक वाटेला कुठंतरी उंच बांध असतो, नाहीतर रस्ता आणि वावर यात दोन फुटाचा फरक असतो. पिकअप मागं घेऊन बांधाला चिकटवायची, मधल्या वीतभर फटीवर फळी टाकायची, यंत्र सपाटीनं आत जातं. चढच नाही तर घसरायचं कुठनं? 24 हजारात माझ्या वीडरचं वर्षाचं तेल आणि पाती निघतात. भातवाल्या दादांनी आधी आपल्या नेहमीच्या पाच-सहा जागा बघाव्यात, मग खर्च करावा.

निपाणीचा ड्रायव्हर
ताई, वावरात तुमचं खरं आहे. पण घरासमोर डांबरी रस्ता, गॅरेजसमोर फरशी, तिथं बांध कुठनं आणणार? भाड्यानं फिरणाऱ्याला जागा निवडायला मिळत नाही ओ.
मी वीस वर्षं पिकअप चालवतो, हायवेवरनं कोल्हापूर, इकडं चिकोडी, अथणी, सगळं. लोखंड की ॲल्युमिनियम यावर एवढं बोललात, आणि साखळीचं कुणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटलं. रॅम्प मोडून अपघात क्वचित होतो, रॅम्प मागं फेकला जाऊन होतो. चाक रॅम्पवर चढताना रॅम्पला मागं ढकलतं, तो हौद्याच्या कडेवरनं एक इंच सुटला की संपलं. त्यात वजन चढल्यावर मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, हौदा खाली बसतो, रॅम्पचा कोन बदलतो आणि नुसता टेकवलेला हुक उचलला जातो. माझ्यासमोर झालंय, भाड्याचा टिलर होता, डावं पान उडालं आणि टिलर आडवा. मालकाच्या पोराचा पाय घोट्यात मोडला. ती पानं नवी होती, मजबूत होती, दीडशे रुपयाची साखळी तेवढी नव्हती.
तेव्हा कुठलाही रॅम्प घ्या, वरच्या टोकाला दोन्ही पानांना कडी मारून घ्या, साखळी खाली चासीच्या आडव्या पट्टीला ताणून बांधा. फाळक्याला बांधू नका. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि चारही चाकांना उटी, म्हणजे चाक अडवायचा ठोकळा. मगच चढवा.

भातवाला, खानापूर
मामा, हे वाचून अंगावर काटा आला, आमची फळी पण नुसती टेकवलेली असायची.
अजून एक विचारतो. एटीव्हीवर माणूस बसलेला असतो, दोन पानं पुरतात. टिलरमागं मी चालत असतो, मग दोन पानांच्या मधल्या फटीत माझा पाय कुठं ठेवायचा? परवा सुद्धा मी एक पाय फळीवर एक पाय हवेत असाच होतो.

वेल्डिंगवाला, उद्यमबाग
टिलरवाल्याला तिसरं पान लागतं, मधलं, चालायला. ते हलकं चालतं, त्यावर फक्त माणसाचं वजन. अँगलची चौकट आणि वर जाळी, पंधरा किलोत बसवून देतो. बरेच जण पैसे वाचवायला तेच सोडतात.

येळ्ळूरची ताई
आणि दादा, रॅम्पवर स्टीअरिंग क्लच दाबू नका, हात तिकडं जाऊच देऊ नका. सपाटीवर डावा क्लच दाबला की टिलर डावीकडं वळतो. उतारावर उलटं होतं, क्लचनं इंजिनपासून सुटलेलं चाक वजनानं पळतं आणि टिलर उजवीकडं जातो. माणूस घाबरून अजून जोरात दाबतो. मला हे बांधावरनं उतरताना कळलं, शेजारच्या रोपात गेला टिलर, रॅम्पवर असता तर मी खाली असते. चढवताना सरळ पुढं, पहिल्या गिअरात, अॅक्सिलरेटर कमी. उतरवताना रिव्हर्स. सरळ लावूनच सुरू करायचं, मध्ये वाकडं वाटलं तर क्लचनं सुधारायचं नाही, परत खाली घ्यायचं.
बांधाचं मी सोडत नाही अजून. रॅम्प केलात तरी पिकअपची मागची चाकं चरीत उतरवा. जिथं वावर आहे तिथं कुदळीनं नऊ इंचाची चर मारायला दहा मिनिटं लागतात.

निपाणीचा ड्रायव्हर
हे मात्र ताई लाख बोललात. आमच्यात जुने लोक उंचीच्या चौपट रॅम्प धरायचे. 33 इंचाला 11 फूट होतं, ते कुणाला परवडत नाही, उचलवत नाही. चाकं नऊ इंच खाली गेली की उंची 24 राहते, आठ फूट म्हणजे बरोबर चौपट. सहा फुटी घेतलात तर 33 ला जेमतेम दुप्पट, एटीव्ही असली तरी नाक वर करून मागं उलटायची भीती. जांबोटीकर, तुम्ही सहा फुटीवर चढवता का?

जांबोटीकर
होय. आमच्या अंगणाला आधीच उतार आहे, तिथं गाडी खाली लावतो म्हणून आजवर निभावलं. दुसऱ्याच्या जागेवर दोनदा पुढची चाकं उचलली होती, हे खरं. साखळी आजच आणतो. तरी टिलर नसलेल्या माणसाला मी अजून ॲल्युमिनियमच सांगेन, आठ फुटी बघून घ्यायला.

भातवाला, खानापूर
मग आमचं ठरलं. 44 ची दोन पानं आणि मधलं 15 चं, 103 किलो, 11 हजार 330 झाले. उचलायला चुलतभाऊ असतोच बरोबर, तो नसेल त्या दिवशी भाडं घेणार नाही. वेल्डिंगवाले, सोमवारी पिकअप घेऊनच येतो उद्यमबागेत, हुक आमच्या हौद्याच्या कडेवर बसवून बघा आणि कडी वेल्ड करा. एटीव्हीची चाकं टिलरपेक्षा रुंद अंतरावर आहेत, त्यामुळं पानं पक्की जोडू नका, सुटीच राहू देत. साखळी चार हात लागेल का पाच?