तुमच्या शेवया पांढऱ्या होत्या का?
ओआ मीसुआ, म्हणजे कालवं (ऑयस्टर) घातलेलं शेवयांचं दाट तैवानी सूप, घरी केलं तर शेवयांचा पार लगदा झाला, असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, तुम्ही पांढऱ्या शेवया घेतल्या असणार. तैवानात यासाठी तांबूस शेवया वापरतात. त्या आधीच भरपूर वाफवलेल्या असल्याने बराच वेळ रटरटल्या तरी तग धरतात. कालवं मात्र रश्श्यात शिजवत बसू नका, आक्रसून रबर होतात! रताळ्याच्या स्टार्चमध्ये घोळवून उकळत्या पाण्यातून काढायची आणि वाढताना वर घालायची. रस्साही त्याच स्टार्चने दाट करतात. वरून काळं व्हिनेगर, लसूण, कोथिंबीर हवीच. आणि चॉपस्टिक शोधू नका, हे चमच्यानेच खातात. काही ठिकाणी कालवांऐवजी डुकराचं आतडं असतं, तेव्हा आधी विचारलेलं बरं.