मदत हवी आहे: वॉशिंग मशीनखाली पाणी येतंय पण लीकेज सापडत नाहीये

फ्रंट लोड मशीन आहे, ७ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात शेजारच्या लाकडी कपाटाचा तळ फुगलेला दिसला, हात लावला तर ओला गार, म्हणजे हे बरेच दिवस चालू असणार आणि आम्हाला पत्ताच नाही! रात्री मशीनचा नळ तेवढा चालू ठेवून घरातले बाकी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो काढला, सकाळी बघितलं तर आकडा जागचा हलला नव्हता, त्यामुळे इनलेट पाईप सुटला असं वाटत नाही कारण त्यात कायम प्रेशर असतं. मग मशीनखाली वर्तमानपत्र पसरून एक वॉश लावला. पाणी भरताना, धुताना कोरडं, पण पाणी बाहेर टाकायला लागल्यावर मागच्या कोपऱ्यात वाटीएवढा डाग.

म्हणजे ड्रेन पाईप की पंप? पुढचा फिल्टर साफ केला (एक मोजा आणि दोन बटणं निघाली), दाराचं रबरही पुसून बघितलं, फाटलेलं नाही. मेकॅनिक न बघताच पंप बदला म्हणतो.

मागचं कव्हर उघडून स्वतः बघता येईल का, प्लग काढूनच अर्थात? आणि जमिनीवर ठेवायचा तो वॉटर लीक अलार्म कोणी वापरलाय का, खरंच वेळेवर वाजतो का?