मुठेत ऑयस्टर सोडून पाणी साफ होईल का? (सीएसआरवाल्या साहेबांना काय उत्तर देऊ)

हिंजवडीतला_देवगडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण खरंच अडकलोय. आमच्या कंपनीत यंदा सीएसआरचं (म्हणजे कंपनीने करायच्या सामाजिक कामाचं) थोडं बजेट उरलंय आणि साहेबांना कोणीतरी न्यूयॉर्कचा व्हिडिओ फॉरवर्ड केलाय. दोन काचेच्या टाक्या, दोन्हीत हिरवट गढूळ पाणी, एकीत ऑयस्टर टाकलेत, काही तासांत ती टाकी नितळ आणि दुसरी तशीच. झालं, आता साहेब म्हणतायत आपण हे मुठेत करू, म्हात्रे पुलाखाली, फोटो पण चांगले येतील. मी म्हटलं सर ते खाऱ्या पाण्यातलं असतं, तर म्हणे मग कोकणात करू, तुझं गाव तिकडचंच ना, तूच बघ.

आता माझा आणि कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, संबंध ताटापुरता. आजी ओहोटीला खडपावर (समुद्रकाठच्या खडकांवर) जाऊन काढून आणायची, घरी कालवांचं कालवण व्हायचं (हे वाक्य लहानपणी फार गंमतशीर वाटायचं), बास. तर एक म्हणजे हे खरंच पाणी साफ करतात का, आणि दुसरं, आपल्या खाडीत असं काही करता येईल का, की उगाच पैसे पाण्यात? शुक्रवारी मीटिंग आहे.

नदीकाठचा_भटक्या

मुठेचं आधी निकालात काढू. मुठेचं पाणी मुळेला मिळून भीमेत, तिथून उजनी, मग कृष्णा आणि पार बंगालच्या उपसागरात. कोकणातला समुद्र इथून चार तासांवर असला तरी आपली नदी त्याच्याकडे पाठ करून वाहते, त्यामुळे तुमच्या साहेबांच्या कालवांना खारं पाणी हवं असेल तर आंध्रापर्यंत चालत जावं लागेल.

पण एक सांगतो, गाळणारे शिंपले मुठेत होते. माझे वडील लकडी पुलाखाली पोहायला जायचे, पायाला लांबट काळपट शिंपले लागायचे म्हणतात, आत मोत्यासारखी चमक. लॅमेलिडेन्स जातीचे असावेत, गोड्या पाण्यातले, तेही पाणी गाळूनच जगतात. त्यांची गंमत अशी की पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटून काही दिवस काढतात, मगच तळाशी उतरतात, म्हणजे मासे नाहीत तर शिंपले नाहीत. आणि मैलापाणी येऊन पाण्यातला ऑक्सिजन संपला की दोघंही गेले. तेव्हा शिंपले सोडून नदी साफ होणार नाही, नदी साफ झाली तर शिंपले येतील. साहेबांना एवढंच सांगा.

खडपावरची

माझं फिशरीजचं शिक्षण रत्नागिरीत शिरगावला झालंय, आता कोथरूडात राहते आणि भलतंच काम करते, पण हा विषय निघाला की राहवत नाही, त्यामुळे लांब लिहिणार आहे.

व्हिडिओ खरा आहे. कालव कल्ल्यांमधून पाणी ओढतं, त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातं आणि जे नको ते, म्हणजे गाळाचे कण वगैरे, चिकट लाळेत गुंडाळून तळाशी टाकून देतं, म्हणून टाकी नितळ दिसते. घाण नाहीशी नाही झाली, खाली बसली. सगळीकडे फिरणारा "एक ऑयस्टर दिवसाला ५० गॅलन" हा आकडा, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, अमेरिकेतल्या मोठ्या कालवाचा आणि सगळं मनासारखं असतानाचा आहे, खऱ्या खाडीत त्याहून बरंच कमी. आणि आपल्या जाती वेगळ्या, तो आकडा कृपा करून तुमच्या स्लाइडवर टाकू नका.

न्यूयॉर्कचं म्हणाल तर बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट २०१४ ला सुरू झाला, २०३५ पर्यंत १०० कोटी कालवं परत आणायची असं ध्येय. पण तिथलं बंदर मुळात सुधारलं ते १९७२ च्या पाण्याच्या कायद्याने आणि मैलाशुद्धीकरणावर ओतलेल्या पैशाने, कालवं त्यानंतर आली. ही बाजू व्हिडिओत नसते. तिथली कालवं आजही खायची नाहीत, कारण जे पाण्यात ते त्यांच्या पोटात, जंतू काय आणि जड धातू काय. २०१० मध्ये शेजारच्या न्यू जर्सी सरकारने तर प्रदूषित पाण्यातला असा एक प्रयोग उचलायलाच लावला, कोणी चोरून नेऊन विकली तर काय घ्या. आता हे कोकणात आणून बघा. आपल्याकडे ओहोटीला खडपावर गेलेली बाई "संशोधनासाठी राखीव" असा बोर्ड बघून परत फिरणार आहे का? आणि तिने का फिरावं? म्हणून ज्या खाडीत वरून कारखान्यांचं किंवा गावाचं सांडपाणी येतं तिथे "पाणी साफ करायला कालवं" हा विचार सोडूनच द्या.

मग लोक एवढा खर्च करून हे का करतात, तर रीफसाठी, म्हणजे कालवं एकमेकांवर बसून होणाऱ्या ढिगाऱ्यासाठी. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग त्याला एक छोटासा पाय फुटतो, त्याने ते तळ चाचपत फिरतं आणि जागा पसंत पडली की डावा शिंपला कायमचा चिकटवून टाकतं. एकदा बसलं की बदली नाही. आणि त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला, जिवंत असो की मेलेला. असं पिढीवर पिढी बसत जाऊन ढिगारा उभा राहतो, त्याच्या फटींत खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं, आणि लाटेचा जोर त्यावर मोडतो. जर्मनीत कार्ल मोबियसने १८७७ मध्ये "एकत्र नांदणाऱ्या जीवांचा समाज" ही कल्पना मांडली ती असल्या कालवांच्या थरांकडे बघूनच. माणसाने काय केलं, कालवं खाल्ली ते ठीक, पण शिंपलेही उचलून नेले, चुन्याला, रस्त्याला, भरावाला. बसायची जागाच गेली तर पिल्लं येऊन करणार काय. २०११ साली जगभरच्या माहितीची मोजदाद झाली तेव्हा असे ८५ टक्के रीफ गेलेले निघाले.

देवगडकर, तुमची आजी कालवं कशी काढायची आठवतंय? अख्खं उपटून आणायची की तिथेच फोडायची?

हिंजवडीतला_देवगडकर

तिथेच फोडायची! हातात एक बोथट कोयती असायची, वरच्या शिंपल्याच्या कडेला एकच ठोका, झाकण उडायचं, आतलं मांस बोटाने उचलून करवंटीत. मी एकदा दगडाला चिकटलेला खालचा भाग खरवडायला गेलो तर ओरडली होती, "खालचो शिंपलो उपटू नको, फुडल्या वर्सा तेच्यारच कालवां धरतली." मला तेव्हा वाटलं कोयतीची धार जाईल म्हणून ओरडते.

खडपावरची

हेच ते. जो शिंपला परत नेऊन टाकायला अमेरिकेत हॉटेलांतून गाड्या फिरवतात तो तुमच्या आजीने जागचा हलवलाच नाही. म्हणून मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हा विचारा की ज्या खाडीत करायचंय तिथे कालवं कमी झाली आहेत का, आणि कोणाच्या सांगण्यावरून.

पेठेतला_शंकेखोर

सगळं वाचलं. मला एवढंच कळत नाही की उरलेल्या बजेटमधून निसर्ग कसा दुरुस्त होतो. अमेरिकेत चेसापीक बेमधल्या एका हॅरिस क्रीकचं वाचलं होतं, साडेतीनशे एकर, २०० कोटींच्या वर पिल्लं सोडली, सरकारी यंत्रणा मागे उभी. तुमच्या कंपनीचं बजेट किती, एका टेम्पोचं?

हिंजवडीतला_देवगडकर

टेम्पो आणि वर टी-शर्ट.

खडपावरची

शंकेखोर यांचा मुद्दा बरोबर आहे, पण टेम्पोभर पैशात एक काम होतं आणि ते कोणी करत नाही म्हणून सांगते. कुठल्याही खाडीत आधी हे शोधावं लागतं की पिल्लं कमी पडतायत की बसायची जागा. त्यासाठी जुन्या शिंपल्यांना भोक पाडायचं, नायलॉनच्या दोरीत ओवायचे, मध्ये थोडं अंतर ठेवून, आणि जेट्टीला किंवा बांबूच्या मांडवाला टांगायचे. कालव पालनवाले याला रेन म्हणतात, सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी अशीच कालवं वाढवली आहेत, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं, त्यांनाच मजुरी द्या. दर पंधरा दिवसांनी दोरी वर काढून बघायचं. शिंपल्यावर नखाएवढे चपटे ठिपके चिकटलेले दिसले तर पिल्लं आहेत, फक्त जागा हवी. वर्षभर काहीच नाही बसलं तर दगड टाकून उपयोग नाही, प्रश्न वेगळा आहे. आणि बसून गाळाखाली गुदमरून मेली तर उत्तर खाडीत नाही, वर कुठे डोंगर कापलाय किंवा रेती उपसतायत तिथे आहे.

वर्षभर टांगायचं म्हणते कारण पावसाळ्यात आपल्या खाड्या जवळजवळ गोड्या होतात, तेव्हा कालवं शिंपले घट्ट मिटून बसतात, चार महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये खरी परीक्षाच निसटते.

बाहेरची जात तर अजिबात नको. युरोपात स्थानिक चपटं कालव होतं, ऑस्ट्रिया एड्युलिस, आधीच खाऊन खाऊन कमी झालेलं, त्यात १९७९ मध्ये फ्रान्समध्ये बोनामिया नावाचा परजीवी सापडला आणि कालवांच्या ने-आणीतून सगळीकडे पसरला, आजही तिथे रीफ परत उभे करायचे तर पहिली भीती त्याचीच. आपल्या खडपावरचं खडकी कालव, सॅकोस्ट्रिया, काही कमी नाही. बांगलादेशात कुतुबदिया बेटावर धूप होणाऱ्या किनाऱ्याशी सिमेंटच्या कड्या रांगेने मांडल्या, त्यावर हीच आपली सॅकोस्ट्रिया आपोआप येऊन बसली, लाटा मंदावल्या आणि रांगेमागे गाळ धरायला लागला. परदेशी उदाहरण द्यायचंच असेल तर न्यूयॉर्कपेक्षा हे द्या.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सिमेंट काय, दगड टाकायचा तरी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची परवानगी, लागते. कांदळवन प्रतिष्ठानशी बोला, गावच्या जैवविविधता समितीशी बोला, आणि त्या सगळ्याच्या आधी खडपावर जाणाऱ्या बायकांशी. दोरीवर नक्की काय बसलंय हे ओळखायला नमुने आकुर्डीच्या झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या) केंद्रात दाखवता येतील, ते तर तुम्हाला ऑफिसहून घरी जाताना पडतं.

हिंजवडीतला_देवगडकर

शुक्रवारची मीटिंग झाली. टाक्यांचा व्हिडिओ मी लावलाच नाही, आजीचा किस्सा सांगितला. साहेब थोडे हिरमुसले, मग म्हणाले फोटो तरी येतील का, मी म्हटलं दर पंधरा दिवसांनी एका दोरीचा येईल. वर्षभराच्या दोऱ्यांना हो म्हणालेत, टी-शर्ट मात्र छापणारच आहेत. गावी काकीला फोन केला, ती म्हणाली अमावास्येच्या उधाणाला ये, पाणी लांब जातं तेव्हा कुठे कालवं कमी झाली ते चालत दाखवते, फोनवर काय कळणार तुला.

एक शंका. दोरीला लागणारे शिंपले आणायचे कुठून? पुण्यात कालवं मिळाली तरी सोललेली. गणेश पेठेतून तिसऱ्या (खायचे छोटे शिंपले) आणतो आम्ही, त्यांचे शिंपले चालतील?

खडपावरची

ओवायला लहान आणि पातळ पडतील. जाळीच्या पिशवीत भरून टांगले तर चालतात, सुटे टाकू नका, पाण्याबरोबर जातील. पण धुऊन किमान सहा महिने, खरं तर वर्षभर उन्हात वाळवायचे, मांसाचा कण राहता कामा नये, नाहीतर इथला रोग तिथे. काकीकडच्या उकिरड्यात जुने कालवांचे शिंपले निघतात का बघा आधी, त्याच खाडीचे असले तर सोन्याहून पिवळं.

हिंजवडीतला_देवगडकर

उशीर झाला. रविवारच्या दोन किलो तिसऱ्यांचे शिंपले गच्चीत वाळत घातलेत आणि आज सकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलंय, "गच्चीत कुजकट वास कशाचा, संबंधितांनी तात्काळ हटवावे", खाली तेरा अंगठे. बायकोचाही एक आहे त्यात.