अ‍ॅनालिसिस शिकताना आधी कागद की आधी सॉफ्टवेअर?

कागदआधी (पुणे)

आमच्या सीएई (कॉम्प्युटरवर अ‍ॅनालिसिस करणाऱ्या) टीमसाठी फ्रेशर्सच्या मुलाखती चालू आहेत. बायोडेटात कॅटिया, क्रिओ, अ‍ॅन्सिस, हायपरमेश ही सॉफ्टवेअर सगळी ओळीनं असतात, जोडीला क्लासचं सर्टिफिकेट. मी सगळ्यांना एकच गणित घालतो. २० मिमी रुंद, ४० मिमी उंच पोलादी पट्टी, एका टोकाला पक्की, २०० मिमी बाहेर आलेली, मोकळ्या टोकावर १००० न्यूटन लोड. स्ट्रेस किती येईल, टोक किती वाकेल?

दुसऱ्या वर्षाचं गणित आहे. मोमेंट दोन लाख न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस (पट्टीच्या छेदावरून निघणारा आकडा) साधारण ५३३३, म्हणून स्ट्रेस ३७.५ मेगापास्कल. डिफ्लेक्शन, म्हणजे टोकाचं वाकणं, ०.१२५ मिमी. बरीच मुलं इथेच अडतात आणि म्हणतात, "सर, अ‍ॅन्सिसमध्ये करून दाखवतो."

खरी मेख तिथेच आहे. फायनाइट एलिमेंट पद्धतीत सॉफ्टवेअर पार्टचे छोटे तुकडे (एलिमेंट) करतं, त्या जाळीला मेश म्हणतात. हीच पट्टी चार नोडच्या (कोपऱ्यांच्या) साध्या टेट्रा एलिमेंटनं मेश केली आणि उंचीत एकच एलिमेंट ठेवला, तर मॉडेल वाजवीपेक्षा ताठ होतं. डिफ्लेक्शन बरंच कमी येतं, स्ट्रेसही कमी. सॉफ्टवेअर एरर देत नाही, चित्र छान रंगीत येतं. दुसरीकडे, मेश बारीक करत गेलं की फिक्स केलेल्या टोकाच्या कडेला स्ट्रेस चढतच जातो, कारण तिथे सिंग्युलॅरिटी आहे, म्हणजे गणितात तिथला स्ट्रेस अनंताकडे जातो. ०.१२५ हा आकडा ज्याच्या हातात नाही, त्यानं यातलं कुठलं उत्तर खरं धरायचं?

माझं म्हणणं असं: उत्तराचा अंदाज हातानं बांधता येत नाही तोवर अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या हाती देऊच नये. कॉलेजनंही नाही आणि क्लासनंही नाही.

मेशवाली

साफ असहमत.

मुलगा तुमच्यासमोर बसायच्या आधी त्याचा बायोडेटा एचआरकडून गाळून येतो, आणि ती गाळणी सॉफ्टवेअरच्या नावावरच चालते. "बीमचं गणित येतं" असं लिहिणाऱ्याला फोन येत नाही.

मी लातूरकडची, डिप्लोमावाली. घरच्यांनी कर्ज काढून पुण्यात हायपरमेशचा क्लास लावून दिला आणि त्यावर मेशिंगची नोकरी लागली. सुरुवातीला दिवसभर एकच काम: मिडसरफेस (पातळ पार्टची मधली पातळी) काढायचा, एलिमेंट वेडेवाकडे नाहीत ना हे सांगणारे वॉर्पेज, अ‍ॅस्पेक्ट रेशो, जेकोबियन लिमिटमध्ये बसवायचे, की पुढचा पार्ट. थिअरी मला या कामानंच शिकवली. ट्राय (त्रिकोणी) एलिमेंट कमी का ठेवायचे, बोल्टच्या भोकाभोवती एलिमेंटची एकसारखी रिंग का काढायची, हे सीनिअरना विचारत विचारत मी पुस्तकाकडे परत गेले आणि तेव्हा ते पुस्तक कळलं. कॉलेजात बेंडिंगचं सूत्र मला तोंडपाठ होतं. ते कशाला लागतं, एवढंच माहीत नव्हतं.

आणि "सॉफ्टवेअर देऊच नये" हा नियम कुणाच्या मुळावर येणार? ज्याचा काका कंपनीत मॅनेजर आहे त्याच्या नाही.

शिरोलीकर

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून लिहितोय. कागदआधी साहेब, तुमची पट्टी सरळ आहे म्हणून सूत्र लागलं. आमच्या कास्टिंगला लावून बघा.

कागद आम्हालाही आहे. च्वोरिनोव्हचा नियम सांगतो की धातू थिजायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यावरून राइजरचं (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याचं) माप काढतात: राइजर कास्टिंगच्या मागून थिजला पाहिजे, तरच तो आटणाऱ्या धातूला माल पुरवतो. ठोकळ्याला हे गणित झकास चालतं. पण पंपाच्या बॉडीत जिथे जाड बॉसला (फुगवट्याला) दोन रिब (पातळ पट्ट्या) येऊन मिळतात, तिथे कुठलं पृष्ठफळ धरणार? पूर्वी काय करायचे? अनुभवी माणूस मेथडिंग (धातू कुठून ओतायचा, राइजर कुठे द्यायचा) ठरवायचा, पीस ओतायचा, कापून बघायचा, श्रिंकेज (धातू आटून पडलेली पोकळी) दिसलं की पॅटर्नला हात लावायचा. मग पुन्हा ओतायचं. प्रत्येक ट्रायलला धातू, वीज आणि गिऱ्हाइकाची तारीख जाते. आता सिम्युलेशनमध्ये हॉट स्पॉट, म्हणजे शेवटी थिजणारी जागा, ओतण्याआधीच दिसतो. ऑटोकास्टसारखं सॉफ्टवेअर तर आयआयटी मुंबईतच घडलं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सिम्युलेशनसमोर बसवतो, कारण धातू कसा थिजत जातो हे त्याला दुसरीकडे कुठेच दिसणार नाही. साच्याच्या आत डोकावता येत नाही.

एक मात्र आहे. एका पोरानं हॉट स्पॉटवर नेमका राइजर दिला, रिझल्ट स्वच्छ आला. फेटलिंगच्या (कास्टिंगचे जादा भाग तोडून साफ करायच्या) कामावरच्या मामांनी ड्रॉइंग बघून विचारलं, "हा तोडायचा कसा? ग्राइंडर आत जात नाही." हे तुमच्या कागदावरही नव्हतं आणि स्क्रीनवरही नव्हतं. पोराला शॉपवर उभं केलं पाहिजे, या वादात ते कुणीच बोलत नाही.

कागदआधी (पुणे)

शिरोलीकर, कास्टिंगचं मान्य. पण तुमच्याकडे चूक झाली तर पीस कापून बघता येतो. सगळीकडे तशी सोय नसते.

नॉर्वेचं स्लाइपनर ए घ्या. समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये चाचणीसाठी खाली उतरवताना फुटला आणि बुडाला. चौकशीत निघालं की नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरवरच्या मॉडेलमध्ये, जिथे सेलच्या (पायातल्या पोकळ कप्प्यांच्या) भिंती एकमेकींना मिळतात तिथलं मेशिंग निकृष्ट होतं. शिअर स्ट्रेस (भिंत कापू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी धरला गेला, त्या भिंती पातळ राहिल्या. भिंतीच्या त्या तुकड्याला बीम समजून कुणी पाण्याच्या दाबाचं साधं गणित मांडलं असतं, तर शंका आली असती.

ऑफशोअरकर

हे उदाहरण तुमच्या बाजूनं अर्धंच लागू पडतं. ते डिझाइन करणारे फ्रेशर नव्हते, असे पाये आधी यशस्वीपणे बांधलेली अनुभवी मंडळी होती. हातचं गणित त्यांना येत नव्हतं असं कोण म्हणेल? शिवाय त्या कोपऱ्यात सळ्यांचं अँकरेज (काँक्रीटमधली पकड) अपुरं होतं, तो डिटेलिंगचा दोष. आणि अपघातानंतर जास्त काळजीपूर्वक फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस केलं तेव्हा भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरला. म्हणजे चूक शोधून दाखवली तीही त्याच पद्धतीनं. तेव्हा मुलांना सॉफ्टवेअरपासून लांब ठेवून हे साधणार नाही. चुकीचं मेश मुद्दाम करायला लावा, उत्तर कसं बिघडतं ते बघू द्या. तुमच्या पट्टीचा एक एलिमेंटवाला प्रयोग पहिल्याच प्रॅक्टिकलला ठेवण्यासारखा आहे.

रोलकेज

अंतिम वर्ष, मेकॅनिकल, बाहाच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेच्या) टीममध्ये आहे. दोन्ही बाजू पटतात, पण विद्यार्थ्याची अडचण वेगळीच आहे.

पिथमपूरला स्पर्धेत जजनी आमच्या रिपोर्टमधला रंगीत प्लॉट बघितलाही नाही. विचारलं, "समोरच्या धडकेला ४जी कुठून आणला?" ४जी म्हणजे गाडीच्या वजनाच्या चौपट लोड; आम्ही तो आधीच्या बॅचच्या रिपोर्टमधून उचलला होता. लोड कुठून येतो हे ना क्लासमध्ये शिकवलं, ना कॉलेजात. वजन, वेग, धडकेला लागणारा वेळ यावरून तो काढायचा असतो, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं.

पैशाचं म्हणाल तर अ‍ॅन्सिसची स्टुडंट आवृत्ती फुकट मिळते. स्ट्रक्चरलला १ लाख २८ हजार नोड-एलिमेंटची मर्यादा आहे. पूर्ण रोलकेज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा सांगाडा) सॉलिडमध्ये नीट मेश करायला गेलो तर ती पुरत नाही. म्हणून पाइपना बीम एलिमेंट लावले, आणि बीम लावायचे म्हणून सेक्शन, मोमेंट, जॉइंट यांचा विचार करावाच लागला. फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्येही कॅल्क्युलिक्स हे अ‍ॅनालिसिसचं साधन जोडलेलं आहे, त्याला लायसन्सची कटकट नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बऱ्याच ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून आहेत. गावाकडच्या मुलांना हे कुणीतरी पहिल्या वर्षी सांगायला हवं, चौथ्या नाही.

मेशवाली

रोलकेज, तुमच्या ४जीच्या किश्श्यात सगळं आलं. कागदआधी, मग मुलाखतीत लॅपटॉप ठेवा ना. हीच पट्टी मुलाला मेश करू द्या आणि विचारा, उत्तर खरं आहे हे मला पटवून दे. कुणी सूत्रानं पटवेल, कुणी मेश बारीक करून डिफ्लेक्शन कुठे स्थिरावतं ते दाखवेल. दोघेही कामाचे.

कागदआधी (पुणे)

लॅपटॉप ठेवतो, पुढच्या फेरीपासूनच. मेश बारीक करून डिफ्लेक्शन स्थिरावलेलं दाखवलं तर तेही धरीन. पण रन मारायच्या आधी अंदाजाचा आकडा कागदावर लिहायचा. चुकला तरी चालेल, लिहिलेला पाहिजे. तेवढं मी सोडणार नाही.

मेशवाली

चालेल. आणि एचआरच्या गाळणीचं? तिथे तुमचा शब्द चालतो, आमचा नाही.