पाऊस आला की नेट जातं, केबलवाला बॉक्स बंद-चालू करून जातो

तिसरा मजला: राहणं डोंबिवली पूर्वेला. केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. एरवी वेग नीट मिळतो, पण सर आली की नेट जातं, येतं, परत जातं. माझी रात्रपाळी घरूनच असते. ग्राहकाशी बोलताना आवाज तुटला की बोलणी मला खावी लागतात. तक्रार केली की मुलगा येतो, बॉक्स बंद-चालू करतो, ‘आता बघा’ म्हणतो नि जातो. राउटर बदलू का?

जोडारी: राउटरवर आत्ता एक रुपयाही घालू नका. मी फायबर जोडायचंच काम करतो. पावसानं वायफाय जात नाही. नेट गेलं की बॉक्सवरचा ‘लॉस’चा दिवा बघा. लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये. मग बॉक्स शंभरदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही.

मुलाला पॉवर मीटर, म्हणजे केबलमधून येणारा प्रकाश मोजायचं यंत्र, लावायला लावा, हक्कानं. आकडा (डीबीएममध्ये) उणे येतो; उण्यात जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे २० च्या आसपास असेल तर छान. साध्या जीपॉन (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) बॉक्सची हद्द उणे २७. त्या काठावर असलात तर एरवी चालतं आणि केबल जरा वाकली की गेलं. मीटर लावलेला असतानाच खिडकीपासून आतपर्यंत केबल हळूहळू हलवा. आकडा जिथं घसरेल तिथंच दुखणं. केबलच्या जोडावर हिरव्या टोकाला निळं टोक जोडलेलं नाही ना, हेही बघा. हिरव्याची काच ८ अंश तिरकी घासलेली असते, दोन्ही नीट टेकत नाहीत.

गच्चीवाला: वीज गेल्यावरच जातं का, तेही बघा. आमच्याकडे फायबर गच्चीपर्यंतच, पुढे लॅनची वायर. गच्चीवरच्या नेट वाटणाऱ्या डब्याला (स्विचला) बॅटरी नव्हती, म्हणून वीज गेली की नेटही जायचं.

तिसरा मजला: लॉस लालच होता. मीटरवर उणे २६. स्लायडिंग खिडकी सरकवली तर थेट उणे ३१! केबल खिडकीच्या खाचेतून आत घेतली होती, आणि पाऊस आला की आम्ही खिडकी लावणारच. आता भिंतीला भोक पाडून नवी केबल घेतली, उणे २०. कालच्या धो धो पावसात एकदाही तुटलं नाही. जोडारीदादा, मनापासून आभार.

जोडारी: झकास. भोकाबाहेर केबलला खाली झोल ठेवलाय ना? नसेल तर ठेवून घ्या, पाणी तिथंच ठिबकतं, भिंतीत शिरत नाही. फक्त वळण मोठं ठेवा.